कुष्ठरोग ‘रक्तात’ असतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीची बरीच वर्षं मी सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून काढली. तपासणी तशी साधी असते. उजेडात अंगावरचा चट्टा बघायचा, पेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करून तो बधिर आहे का ते पाहायचं, कोपरामागची नस बोटांनी चाचपायची. तपासणी दहा मिनिटांत उरकते, प्रश्नांना मात्र अर्धा तास लागतो. त्यातही घुमूनफिरून एकच प्रश्न यायचा: “साहेब, हे आमच्या रक्तात आहे का ओ?” निवृत्तीनंतरही फोन येतात आणि प्रश्न तोच असतो. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कुष्ठरोग आनुवंशिक आहे का?

नाही. तो मायकोबॅक्टेरियम लेप्री नावाच्या जंतूमुळे होतो. जंतू शरीरात गेल्याशिवाय हा रोग होत नाही, मग आजोबांना असो, पणजोबांना असो. कुष्ठरोग झालेल्या आईबापांच्या पोटी मुलं निरोगी जन्माला येतात.

मग एकाच घरात दोघा-तिघांना कसा होतो?

याचं पहिलं आणि मोठं कारण म्हणजे सहवास. उपचार न घेतलेल्या, अंगात भरपूर जंतू असलेल्या माणसाच्या नाकातोंडातून जंतू बाहेर पडतात. विडी घरकुलातली (विडी कामगारांच्या वसाहतीतली) एक खोली, तिच्यात सहा माणसं, उन्हाळ्यात दार-खिडकी लावून झोपणं, हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. एसटीत शेजारी बसल्याने किंवा हात मिळवल्याने हा रोग लागत नाही. दीर्घकाळ, अगदी जवळून सहवास असावा लागतो.

दुसरं कारण रक्ताच्या नात्याचं आहे, आणि लोक इथेच गोंधळतात. बांगलादेशात रुग्णांच्या हजारो सहवासितांची, म्हणजे त्यांच्या जवळ राहणाऱ्यांची, पाहणी झाली होती. त्यात घराचं अंतर, वय, मूळ रुग्णाचा प्रकार हे सगळं वेगळं काढल्यावरही आईबाप, मुलं, सख्खी भावंडं यांना धोका जास्त असल्याचं दिसलं. याचा अर्थ रोग वारशाने येत नाही, पण जंतू आल्यावर शरीर त्याच्याशी कसं वागेल याचा थोडाफार कल वारशाने येतो. पुढची सगळी उत्तरं या एका वाक्याचाच विस्तार आहेत.

पूर्वी डॉक्टरसुद्धा आनुवंशिकच म्हणायचे ना?

म्हणायचे, आणि साधेसुधे डॉक्टर नाहीत. एकोणिसाव्या शतकात कुष्ठरोगाचा सगळ्यात कसून अभ्यास नॉर्वेतल्या बर्गन शहरात चालला होता. तिथल्या डॅनियलसन यांनी बोक यांच्यासोबत १८४७ साली ग्रंथ लिहिला आणि रोग आनुवंशिक असल्याचं ठामपणे मांडलं. डॅनियलसन यांनी रुग्णाच्या गाठीतला द्रव स्वतःला टोचूनही घेतला होता. काही झालं नाही. एकदा नाही, अनेकदा टोचला, तरी काही झालं नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की हा संसर्गाने होतच नाही.

पुढे त्याच रुग्णालयात हॅन्सन नावाचा तरुण डॉक्टर आला. १८७३ साली त्याने रुग्णांच्या गाठींमध्ये काड्यांसारखे जंतू पाहिले. गंमत अशी की, डॅनियलसन त्याचे सासरे होते. जावयाने सासऱ्यांचं आयुष्यभराचं मत खोडून काढलं, तेही त्यांच्याच प्रयोगशाळेत बसून. हॅन्सनचंही सगळं कौतुकास्पद नव्हतं. संसर्ग सिद्ध करण्याच्या नादात त्याने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिला न विचारता रोगाचा द्रव टोचला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८८० मध्ये रुग्णालयातलं पद त्याला सोडावं लागलं.

मला मात्र यात डॅनियलसन यांचा प्रयोग सगळ्यात बोलका वाटतो. त्यांनी पाहिलं ते खरं होतं, अर्थ मात्र चुकीचा लावला. जंतू टोचूनही त्यांना रोग झाला नाही, कारण बहुतेक माणसांना तो होतच नाही. स्वतःची प्रतिकारशक्ती त्यांनी स्वतःवरच सिद्ध करून दाखवली आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

‘बहुतेक माणसांना होतच नाही’ म्हणजे किती?

साधारण १०० पैकी ९५ जणांना. जंतू अंगात शिरला तरी शरीर त्याचा बंदोबस्त करतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हवाई बेटांवरच्या मोलोकाई या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीतले फादर डेमियन सगळ्यांना ठाऊक असतात. रुग्णांची सेवा करता करता त्यांना रोग झाला आणि १८८९ मध्ये ते गेले. त्याच वसाहतीत मदर मॅरियान कोप १८८८ मध्ये आल्या. तीस वर्षं त्यांनी रुग्णांच्या जखमा धुतल्या, १९१८ मध्ये म्हातारपणी त्या वारल्या, पण कुष्ठरोग त्यांना कधीच झाला नाही. गोष्टी मात्र डेमियन यांच्याच सांगितल्या जातात, त्यामुळे सेवा करणाऱ्याला रोग लागतोच असं लोकांच्या डोक्यात बसलं. मी स्वतः इतकी वर्षं रुग्णांच्या घरी चहा प्यायलो, त्यांच्या ताटातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. मला काही झालं नाही.

एका भावाला हातावर एकच चट्टा, दुसऱ्याच्या कानाच्या पाळ्या जाड आणि अंगभर चट्टे. दोघांना वेगवेगळे जंतू झाले का?

एका यंत्रमाग कामगाराच्या घरात मला हे जोडचित्र पहिल्यांदा दिसलं आणि तेव्हा मलाही कोडं पडलं होतं. जंतू एकच, घर एक, आई एक.

या जंतूची जनुकीय कुंडली २००१ मध्ये पूर्ण मांडली गेली. तिच्यात जवळपास १,६०० जनुकं चालू आहेत आणि १,१०० च्या आसपास मोडीत निघालेली. क्षयाच्या जंतूशी तुलना केली तर हा अगदी निम्म्या भांडवलावर चालणारा कारखाना. त्यामुळेच तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही, त्याला जिवंत पेशीच लागते. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात, म्हणून लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं आणि कधी कधी वीस वर्षंही जातात. शिवाय जगभरातले हे जंतू एकमेकांसारखेच आहेत, त्यांच्यात फरक फार थोडा. म्हणजे रोगाची इतकी वेगवेगळी रूपं दिसतात त्याचं कारण जंतूत नाही, माणसात शोधावं लागतं.

आपल्या शरीरात भक्षक पेशी असतात. त्या जंतूला गिळतात. पण हा जंतू गिळल्यावर मरत नाही, आतच बिऱ्हाड थाटतो. त्याला मारायचं तर भक्षक पेशीला टी-पेशींकडून, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींकडून, हुकूम यावा लागतो. हुकुमाची भाषा म्हणजे इंटरफेरॉन-गॅमासारखे रासायनिक संदेश. पहिल्या भावाच्या शरीरात हा हुकूम खणखणीत गेला. पेशींनी जंतूंना घेरलं, गाठीसारखा वेढा घातला, जंतू जवळजवळ संपले. दिसायला एकच चट्टा राहिला, कडा स्पष्ट, मध्ये बधिर. तपासणीत जंतू सापडतही नाहीत.

दुसऱ्या भावाच्या टी-पेशींनी या जंतूच्या बाबतीत गप्प बसायचं ठरवलं. त्यांच्याकडून शांत करणारे संदेश गेले, इंटरल्युकिन-१० सारखे. भक्षक पेशी जंतूंनी गच्च भरल्या, सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसायला लागल्या. कानाच्या पाळीतला द्रव काचेवर घेतला की जंतूंचे जुडगेच्या जुडगे. कानाची पाळीच का, तर या जंतूला थंडावा आवडतो, आणि पाळी, नाक, कोपर ही अंगातली थंड ठिकाणं आहेत.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या भावाची प्रतिकारशक्तीच कमी. तसं नाही. त्याला सर्दी झाली तर तो आपल्यासारखाच बरा होतो, इतर रोगांशी नीट लढतो. त्याचं शरीर फक्त या एका जंतूला ओळखूनही न ओळखल्यासारखं करतं. त्याच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडंही (अँटीबॉडीज) भरपूर असतात, पण जंतू पेशींच्या आत लपलेला, त्यामुळे त्यांचा उपयोग होत नाही.

या दोन टोकांमध्ये अनेक पायऱ्या आहेत. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये त्या पाच नावांनी मांडल्या. आम्ही दवाखान्यात मात्र सोपं करून दोनच भाग करतो: पाचपर्यंत चट्टे असले तर पीबी (कमी जंतूंचा), त्याहून जास्त असले किंवा जंतू सापडले तर एमबी (जास्त जंतूंचा). जपानच्या मित्सुदांनी १९१९ च्या सुमारास मांडलेली लेप्रोमिन चाचणीही याच भेदावर उभी आहे. मारलेले जंतू कातडीत टोचायचे आणि काही आठवड्यांनी गाठ येते का ते बघायचं. पहिल्या भावाला येईल, दुसऱ्याला येणार नाही. पण निरोगी माणसालाही ती येऊ शकते, म्हणून या चाचणीवरून रोग आहे की नाही ते कळत नाही. शरीराची झुंजायची तयारी तेवढी कळते.

हाता-पायाचं नुकसान जंतू करतो की दुसरं कुणी?

दोघंही करतात, आणि कित्येकदा आपलंच शरीर जास्त करतं. जंतू नसेभोवतीच्या श्वान पेशींत शिरतो. (नावाला हसू नका, थिओडोर श्वान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञावरून ते पडलं आहे.) प्रतिकारशक्ती त्याला तिथे गाठते. उतरंडीत उंदीर शिरला की काठी घेऊन धावणारा उंदराआधी मडकी फोडतो, तशी नस सुजते, दाबली जाते, मरते. म्हणून एकच चट्टा असलेल्या, जंतू न सापडणाऱ्या माणसाचीही करंगळी महिन्याभरात वाकू शकते. दुसऱ्या टोकाच्या माणसात नसा खराब होतात त्या हळूहळू, पण दोन्ही बाजूंच्या आणि बऱ्याच.

शास्त्रज्ञांनी नेमकी कोणती जनुकं शोधली?

कुष्ठरोगाचं एकच एक जनुक सापडलेलं नाही आणि सापडण्याची शक्यताही नाही. अनेक जनुकांचे छोटे छोटे धक्के मिळून कल ठरतो.

सगळ्यात जुना धागा एचएलए जनुकांचा. पेशी जंतूचा तुकडा टी-पेशीला जिच्यावर ठेवून दाखवते ती ताटली ही जनुकं घडवतात. ताटलीचा आकार प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे कोणता तुकडा नीट दिसेल तेही वेगळं. रोगाचं कोणतं रूप होईल याच्याशी एचएलएचा संबंध भारतातल्या अभ्यासांतही वारंवार आढळला आहे.

२००१ मध्ये दक्षिण भारतातल्या रुग्ण भावंडांच्या अभ्यासात दहाव्या गुणसूत्राचा एक भाग पुढे आला. २००४ मध्ये व्हिएतनाममधल्या कुटुंबांत पार्किन नावाच्या जनुकाजवळ संबंध दिसला. हे तेच जनुक, ज्याच्या बिघाडाने तरुण वयात कंपवात होतो. पेशीतला कचरा उचलून नेणाऱ्या यंत्रणेत त्याचं काम आहे, आणि लपलेला जंतू हा पेशीच्या दृष्टीने कचराच. भारतीय रुग्णांत मात्र तो संबंध तितका ठळक दिसला नाही. एका देशात सापडलेलं दुसऱ्या देशात जसंच्या तसं लागू पडत नाही, हा या विषयातला नेहमीचा अनुभव.

२००९ मध्ये चीनमध्ये मोठा अभ्यास झाला. त्यात नॉड-२ आणि त्याच्या साखळीतली जनुकं सापडली. नॉड-२ म्हणजे पेशीच्या आतला राखणदार, आत शिरलेल्या जंतूच्या भिंतीचे तुकडे ओळखणारा. याच जनुकाचा आतड्याच्या क्रोन्स या दाहाच्या आजाराशीही संबंध आहे.

मला स्वतःला सगळ्यात मजेशीर वाटतं ते टीएलआर-१. ही पेशीच्या दारावरची घंटा म्हणा. जंतू आला की वाजते. दिल्ली आणि कोलकात्याच्या रुग्णांवरच्या अभ्यासात २०१० मध्ये दिसलं की या घंटेचा एक बिघडलेला प्रकार, जो नीट वाजत नाही, तो असलेल्यांना कुष्ठरोग कमी होतो! युरोपात हा प्रकार खूप आढळतो, आपल्याकडे क्वचित. म्हणजे घंटा जोरात वाजली की राखण चांगलीच होते असं नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

जुळ्या भावंडांत काय दिसतं?

१९७३ मध्ये भारतातल्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६२ जोड्या एकाच बीजाच्या, ४० जोड्या दोन बीजांच्या. एकबीज जुळ्यांत सुमारे ६० टक्के जोड्यांमध्ये दोघांनाही रोग होता, द्विबीज जुळ्यांत २० टक्के. आता या आकड्यांकडे जरा सावधपणे बघा. दोघांना रोग असलेली जुळी पटकन नजरेत भरतात, त्यामुळे आकडा फुगलेला असू शकतो. तरी तो फुगवटा बाजूला ठेवूनही फरक मोठा आहे. आणि उलट बाजूने वाचा: जनुकं तंतोतंत सारखी असूनही ४० टक्के जोड्यांत दुसऱ्याला रोग झाला नाही. ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांना मी हा ४० टक्क्यांचा आकडा सांगतो.

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं, काही घरांत मामालाच भाची देतात. त्याने मुलांना कुष्ठरोग होईल का?

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड घरं एकमेकांना खेटून राहतात, त्यामुळे हा प्रश्न तिन्ही भाषांतून ऐकला आहे. नात्यातल्या लग्नाने थॅलेसेमियासारखे आजार वाढतात, कारण तिथे एकाच जनुकाच्या दोन बिघडलेल्या प्रती एकत्र आल्या की आजार होतोच. कुष्ठरोगाचं गणित तसं नाही. इथे डझनावारी जनुकांचा बारीक बारीक वाटा आहे आणि जंतू नसेल तर या सगळ्याची बेरीज शून्य. नात्यातल्या लग्नाविषयी डॉक्टरांचा सल्ला इतर कारणांसाठी जरूर घ्या. कुष्ठरोगासाठी मात्र घरात उपचार न घेतलेला कुणी आहे का, हे आधी बघा.

मुलीच्या वडिलांना पूर्वी कुष्ठरोग झाला होता. सोयरीक करावी का?

करा. उपचार पूर्ण झालेल्या माणसाकडून कुणाला संसर्ग होत नाही, आणि मुलगी रोग घेऊन आलेली नाही. एका घरात ठरलेलं लग्न पानसुपारीनंतर मोडलेलं मी पाहिलं आहे. कारण काय, तर नवऱ्यामुलाच्या काकांनी कुठेतरी ‘जनुक’ हा शब्द वाचला होता. नवं शास्त्र जुन्या भीतीच्या हाती लागलं की असं होतं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. १८९७ मध्ये बर्लिनच्या परिषदेत हा रोग सांसर्गिक असल्याचं जगाने मान्य केलं आणि दुसऱ्याच वर्षी इंग्रज सरकारने भारतात रुग्णांना डांबून ठेवणारा कायदा केला. तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होऊ शकायचं, ते २०१९ च्या दुरुस्तीने काढलं गेलं.

खासगी लॅबमध्ये जनुक तपासणी करून धोका कळेल का?

पैसे वाचवा. वर सांगितलेला प्रत्येक जनुकप्रकार लाखो निरोगी माणसांतही असतो. अहवाल हातात आला तरी डॉक्टर तुम्हाला वेगळं काही सांगू शकणार नाही. तपासायचंच असेल तर वर्षातून एकदा उजेडात उभं राहून अंग तपासा, पाठ घरच्यांकडून बघून घ्या. याला एक पैसाही लागत नाही.

मग जनुकांचा उपचारात काहीच उपयोग नाही?

एका ठिकाणी आहे आणि तो महत्त्वाचा आहे. एमडीटी म्हणजे कुष्ठरोगावरचा एकत्रित औषधोपचार: रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन. त्याच्या पाकिटातलं डॅप्सोन हे औषध बहुतेकांना सोसतं. अगदी थोड्यांना सुरुवातीच्या चार-सहा आठवड्यांत त्याची भयंकर रिअॅक्शन येते: ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं, कावीळ. जिवावर बेतू शकतं. चीनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की यामागे मुख्यतः एचएलए-बी १३:०१ हा जनुकप्रकार आहे. औषध देण्याआधी तो तपासला तर ही आपत्ती टाळता येते.

दुसरं, जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) ज्यांना जन्मतः कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी डॅप्सोनने फुटतात आणि रक्त झपाट्याने कमी होतं. म्हणून औषध सुरू झाल्यावर थकवा, धाप, ताप, पुरळ, डोळे पिवळे असं काहीही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी लाल झाली तर मात्र घाबरू नका, महिन्याच्या रिफाम्पिसिनच्या डोसनंतर एखादा दिवस ती तशी होतेच. त्वचा काळवंडते ती क्लोफाझिमिनने, औषध थांबल्यावर काही महिन्यांनी हळूहळू पूर्ववत होते.

उपचार पूर्ण झाले, कार्ड बंद झालं, आणि आता चट्टे पुन्हा लाल होऊन सुजलेत. रोग परतला का?

बहुतेक वेळा नाही. याला रिअॅक्शन म्हणतात, आणि ती औषधाची नाही, प्रतिकारशक्तीची. (वर डॅप्सोनची सांगितली ती वेगळी. शब्द एकच असल्याने गफलत होते.) जंतू मेले तरी त्यांचे सांगाडे कातडीत आणि नसेत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं पडून राहतात. शरीराला अचानक त्यांची जाग येते.

पहिल्या प्रकारात टी-पेशी खवळतात. जुने चट्टे लाल होतात, फुगतात, कोपराची किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दुखू लागते. दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडं आणि जंतूंचे अवशेष यांची गुंतवळ ठिकठिकाणी अडकते. ताप येतो, अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात, डोळे, सांधे, अंडकोषही सुजू शकतात. हा प्रकार जास्त जंतू असलेल्यांतच दिसतो.

नस दुखत असेल, हाताची ताकद एकदम कमी झाली असेल, पाऊल उचलताना लुळं पडत असेल किंवा डोळा मिटत नसेल, तर आठवडाही घालवू नका. वेळेत प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टिरॉइड सुरू झालं तर नस वाचते. सहा महिने उलटून गेल्यावर फारसं हाती लागत नाही. आमच्या भागात एकाने या सुजेवर बाहेरून लेप लावत तीन महिने काढले. रोगाने केलं नव्हतं तेवढं नुकसान त्या तीन महिन्यांत झालं.

गरोदरपणात काय होतं?

गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतर प्रतिकारशक्तीची घडी बदलते, त्यामुळे रिअॅक्शन तेव्हा उफाळू शकते. बाळंतपणाच्या गडबडीत हातापायाच्या मुंग्यांकडे दुर्लक्ष होतं, ते करू नका. एमडीटी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते, थांबवायची नसते. दुसऱ्या प्रकारच्या रिअॅक्शनसाठी दिलं जाणारं थॅलिडोमाइड मात्र गरोदर बाईला कदापि नको, गर्भाला व्यंग येतं.

बीसीजीची लस किंवा आधीच एखादी गोळी घेऊन रोग टाळता येतो का?

जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजीने क्षयासोबत कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात संरक्षण मिळतं, दोन्ही जंतू चुलत भाऊच आहेत. घरात रुग्ण सापडला की सहवासितांना रिफाम्पिसिनचा एक डोस दिला जातो. बांगलादेशातल्या वीस हजारांहून अधिक सहवासितांच्या अभ्यासात, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, या एका डोसने पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण सुमारे ५७ टक्क्यांनी घटले. आशाताई ही गोळी घेऊन दारात आली तर तिला परत पाठवू नका. दोन वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना ती देत नाहीत.

दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने होतो का?

नाही. कोडही होत नाही आणि कुष्ठरोगही नाही. पोट मारून दिवस काढणाऱ्या घरांत मात्र हा रोग जास्त दिसतो, ते खरं आहे.

कोड आणि कुष्ठरोग यांत फरक काय?

कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, त्यावर स्पर्श नीट कळतो. कोड संसर्गाने होत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, चुन्यासारखा पांढरा कधीच नसतो. त्यावर बधिरता असते, घाम येत नाही, केस विरळ होतात. जास्त जंतूंच्या प्रकारात चट्ट्यावर बधिरता नसूही शकते, फक्त अंग तेलकट, तुकतुकीत दिसतं. ही खूण भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते.

विडीकाम करताना बोट बधिर वाटतं. कामामुळे असेल का?

असू शकतं, पण गृहीत धरू नका. दिवसभर मांडी घालून, मान वाकवून सूप मांडीवर घेतलं की हाताला मुंग्या येतातच, हे खरं. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एवढंच बधिर असेल, पान कापताना कात्री लागली आणि रक्त बघितल्यावरच कळलं, दोरा गुंडाळताना चिमूट सुटायला लागली, तर कोपरामागची नस दाखवून घ्या. चुलीपाशीही तेच. भाकरी उलटताना तव्याचा चटका बसला आणि दुखलं नाही, तर ती सवय झालेली नाही, ते लक्षण आहे. पावलं बधिर असणाऱ्यांनी एप्रिल-मेच्या उन्हात डांबरावर अनवाणी चालू नये. गड्ड्याच्या जत्रेत किंवा पंढरीच्या वाटेवरही पायात चप्पल ठेवावी, रोज रात्री तळपाय आरशात बघावेत. देव समजून घेतो, जखम घेत नाही.

सोलापुरात जायचं कुठे? खर्च किती?

शहरात महापालिकेचं जवळचं नागरी आरोग्य केंद्र, गावात प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर सिव्हिलचा त्वचारोग विभाग. तपासणी आणि एमडीटी सरकारी ठिकाणी मोफत आहे. पीबीला सहा महिने, एमबीला बारा महिने. रिफाम्पिसिनच्या पहिल्या डोसनेच बहुतांश जंतू मरतात, त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर ताट-वाटी वेगळी करण्याची, मूल दूर ठेवण्याची गरज नाही. देशात १०,००० लोकसंख्येमागे रुग्णांचं प्रमाण एकाच्या खाली आल्याचं २००५ च्या अखेरीस जाहीर झालं, तेव्हापासून अनेकांना वाटतं हा रोग संपला. अजूनही जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण भारतातच सापडतात.

जाताना एकटे जाऊ नका, घरातल्या सगळ्यांना घेऊन जा, सगळ्यांची तपासणी त्याच दिवशी होते. पूर्वीचं कार्ड असेल तर तेही सोबत ठेवा. आणि चट्टा दिसावा म्हणून सकाळीच जा. संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये फिकट चट्टा नीट दिसत नाही.